जुनी स्कूल बस घेतली, पण चढावर दम तोडतेय? डिझेलचा दोष नेमका कुठे शोधायचा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पिवळ्या बसेस जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या. शाळेच्या मैदानात, मंगल कार्यालयामागे, कुणाच्या शेताच्या बांधावर. काही पुन्हा रस्त्यावर आल्या, काही भंगारात गेल्या आणि बऱ्याच स्वस्तात विकल्या गेल्या.

अशी बस घेऊन तिचं काहीतरी वेगळं करायचं, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसेसमध्ये महिलांसाठी 'ती' स्वच्छतागृहं उभी राहिली. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मेहकरसारख्या गावात तर कारणं दारातच आहेत. लोणारचं सरोवर जवळ, समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज जवळ आणि पंढरपूरहून शेगावला परतणारी गजानन महाराजांची पालखी याच भागातून जाते. दिंडीसोबत राहणारी गाडी, फिरतं वाचनालय, चहा-नाश्त्याची गाडी, झोपायची सोय असलेली बस, असं काहीही होऊ शकतं.

अडचण येते ती पहिल्याच आठवड्यात. बस सुरू होते, दोन किलोमीटर चालते आणि बंद पडते. किंवा सपाट रस्त्यावर नीट चालते आणि बोथा घाटासारखी चढण आली की दम सोडते. गॅरेजवाला म्हणतो, "पंप गेला." पंपाचं काम खर्चिक असतं. प्रत्यक्षात कित्येकदा दोष पंपात नसून त्याच्या आधीच्या साध्या भागांत असतो. म्हणून आधी साधे भाग तपासायचे आणि पंपाकडे शेवटी वळायचं.

डिझेल टाकीतून इंजिनापर्यंत जातं कसं?

जुन्या डिझेल बसमध्ये वाट साधारण अशी असते: टाकी, टाकीतली जाळी, तिथून ओढणारा पाइप, पाणी वेगळं करणारा बाऊल, फीड पंप, एक किंवा दोन फिल्टर, मुख्य डिझेल पंप, जाड लोखंडी पाइप आणि शेवटी नोझल. जास्तीचं डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. फीड पंपाच्या आधीच्या भागात डिझेल *ओढलं* जातं आणि नंतरच्या भागात ते *ढकललं* जातं. ढकलण्याच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि दिसतं. ओढण्याच्या बाजूला चीर असेल तर डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि इंजिन मात्र हवा पकडतं. जुन्या बसमधला सगळ्यात जास्त चकवणारा दोष हाच.

उभ्या बसच्या टाकीत काय होतं?

अर्धी रिकामी टाकी श्वास घेते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री थंड झाली की ओलसर हवा आत येते. त्या हवेतलं पाणी टाकीच्या भिंतीवर जमतं आणि खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी साचतं. मग तीन गोष्टी घडतात.

- लोखंडी टाकी आतून गंजते आणि गंजाची भुकटी जाळीत अडकते.
- पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. काळपट, बुळबुळीत साय तयार होते आणि फिल्टर पुन्हा पुन्हा चोंदतो.
- जुनं डिझेल काळवंडतं, त्यात चिकट गाळ धरतो.

तपासणी सोपी आहे. टाकीच्या तळाच्या ड्रेन बोल्टमधून थोडं डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. मध्ये काळी साय दिसली तर टाकी उतरवून धुणं भाग आहे. नुसता फिल्टर बदलून उपयोग नाही, कारण नवा फिल्टरही काही दिवसांत भरेल.

टाकीला हात लावण्याआधी हे वाचा

"डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही," असं आपण सर्रास ऐकतो. अर्धं खरं आहे. एखाद्या इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकेल, त्या किमान तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो. आता विदर्भातला मे महिना आठवा. सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या टाकीचा पत्रा त्याहून गरम असतो.

म्हणजे उन्हाळ्यात रिकाम्या टाकीत पेटू शकेल अशी वाफ असू शकते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. त्यामुळे:

- गाडीवर असलेल्या टाकीला वेल्डिंग, ग्राइंडर, ब्लो टॉर्च अजिबात नको.
- टाकी काढून, गरम पाणी आणि साबणाने नीट धुऊन, पूर्ण वाळवूनच पुढचं काम. वेल्डिंग करायचंच असेल तर इंधनाच्या टाक्यांचं काम जाणणाऱ्याकडेच. तळ सडलेला असेल तर टाकी बदलणं शहाणपणाचं.
- काम सकाळी, उघड्यावर. आधी बॅटरीची वायर काढा. जवळ अग्निशामक सिलिंडर ठेवा.
- काढलेलं डिझेल नाल्यात ओतू नका. नाल्यातलं डिझेल शेवटी नदीत आणि विहिरीत उतरतं. बंद ड्रममध्ये ठेवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या.

दोष शोधायची सोपी युक्ती: टाकी बाजूला काढा

स्वच्छ कॅनमध्ये पाच लिटर ताजं डिझेल घ्या. फीड पंपाकडे जाणारा पाइप टाकीपासून सोडवून नवा पारदर्शक पाइप त्या कॅनमध्ये सोडा. रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये. कॅन बसच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब आणि घट्ट उभा ठेवा. मग हवा काढून इंजिन सुरू करा आणि वीस मिनिटं चालू द्या.

इंजिन सुरळीत चाललं तर दोष टाकी, जाळी किंवा चासीवरून येणाऱ्या जुन्या पाइपमध्ये आहे. पंपाचा खर्च वाचला. कॅनवरही तोच त्रास राहिला तर दोष पुढे आहे. पारदर्शक पाइपमधून बुडबुडे जाताना दिसले तर कुठलातरी जोड हवा ओढतोय.

लक्षणांवरून अंदाज असा बांधता येतो:

- चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते: टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं. बंद पडताच झाकण उघडा. 'सुस्स' आवाज येऊन हवा आत गेली तर कारण सापडलं. नाहीतर जाळीवर कचरा बसतोय.
- रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ खूप मारावा लागतो: पाइपमधलं डिझेल मागे उतरतंय. जोड, वायसर आणि फीड पंपाचे व्हॉल्व्ह तपासा.
- सपाटीवर ठीक, चढावर किंवा लोड आला की पिकअप नाही: फिल्टर चोंदलाय किंवा फीड पंप कमी डिझेल देतोय.
- मिस मारते, ठोके पडतात: एखादं नोझल खराब किंवा लाइनमध्ये हवा.

बाकी राहतात ते बारीक भाग. रबरी पाइप दाबून पाहा. कडक झाले असतील किंवा वाकवल्यावर चिरा दिसल्या तर सगळे एकदम बदला. नवे पाइप डिझेलसाठीच बनवलेले असावेत, पाण्याचे नव्हेत. तांब्याचे वायसर एकदा काढले की पुन्हा वापरू नका. याच बारीकशा वायसरमधून बरीच हवा आत जाते.

स्कूल बसमधला छुपा पाहुणा: स्पीड गव्हर्नर

ही गोष्ट ट्रकवर काम करणाऱ्या मेकॅनिकच्याही पटकन लक्षात येत नाही. स्कूल बसला वेग नियंत्रक बसवलेला असतो. जुन्या गाड्यांमध्ये त्याचा एक प्रकार थेट डिझेलच्या लाइनवर असतो. वेग ठरलेल्या मर्यादेवर गेला की व्हॉल्व्ह इंधन रोखतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या बसमध्ये हा व्हॉल्व्ह अर्धवट अडकला किंवा त्याची वायर गंजली, तर बस कमी वेगातही गुदमरते. लक्षण अगदी पंप गेल्यासारखं!

डिझेलच्या लाइनवर वायर जोडलेला डबा दिसला तर आधी तो तपासून घ्या. मात्र तो परस्पर काढून टाकू नका. वाहतुकीच्या गाड्यांना वेग नियंत्रक कायद्याने लागतो. गाडीचा वर्ग बदलल्यावर तो ठेवायचा की नाही, हे आरटीओला विचारूनच ठरवा.

इंजिन बंद करणारा सोलेनॉइडही याच वेळी पाहा. तो अर्धवट बंद राहिला तरी डिझेल अडतं.

हवा कशी काढायची?

फिल्टर किंवा पाइप बदलला की हवा काढावीच लागते. जुन्या पद्धतीच्या पंपावर क्रम असा: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू थोडा सैल करा, हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबून एकसंध डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूला तेच करा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर डिझेलच्या दोषापायी सेल्फ आणि बॅटरीही जाईल.

कॉमन रेल इंजिन असेल तर हा प्रयोग नको. त्यात दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा पाइप सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

धूर काय सांगतो?

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा, मग नोझल. पांढरा धूर म्हणजे बरंचसं डिझेल न जळताच बाहेर पडतंय. थंड इंजिनात थोडा वेळ चालतं, पण गरम झाल्यावरही राहिला तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय आणि तो डिझेलचा दोष नाही.

हे सगळं करूनही फरक पडला नाही, तर पंप आणि नोझल काढून टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे द्या. पंपाचं सील घरी तोडू नका. डिझेल वाढवून 'पिकअप' मिळतो, पण धूर वाढतो आणि पीयूसी हातची जाते.

आत घर करताना डिझेलला विसरू नका

१ जुलै २०२३ च्या पहाटे याच बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे बाहेर पडायची मुख्य वाटच बंद झाली होती. बस कॅम्पर करणाऱ्यांनी यातून एवढं तरी घ्यायला हवं:

- आपत्कालीन दार आणि खिडक्यांसमोर पलंग, कपाट, ओटा नको.
- गॅस सिलिंडर आणि शेगडी डिझेल टाकीपासून आणि मुख्य दारापासून दूर.
- फळ्या ठोकताना, पाण्याची टाकी बसवताना ड्रिल कुठे उतरतंय ते खालून पाहा. डिझेलचा पाइप आणि वायरिंग तिथेच असतं.
- फिल्टर, ड्रेन बोल्ट आणि टाकीचं झाकण यांपर्यंत हात पोचेल अशी जागा सोडा.

आणि कागद?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेलं गाडीचं मूळ स्वरूप परस्पर बदलता येत नाही. त्यामुळे आसनं काढण्याआधी ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे तिथे जा. एमएच २८ ची गाडी असेल तर बुलढाण्याला. स्कूल बसचा परवाना, थकलेला कर, फिटनेस आणि विमा यांची स्थिती व्यवहाराआधीच तपासा.

बस विकत घ्यायला जाल तेव्हा इंजिन आधीपासून गरम करून ठेवू नका, असं मालकाला सांगा. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ द्या. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, बाटलीत डिझेल काढा आणि अर्धा तास चढावर चालवून पाहा. पुढे फिल्टरची एक जोडी, थोडे तांब्याचे वायसर आणि हातभर पाइप कायम गाडीत ठेवा. आणि बस उभी करायची असेल तर टाकी भरून उभी करा. पाणी साचायला जागाच उरत नाही.