गोधडीच्या घड्या आणि बर्फातले डोंगर

बेटेगावातून आम्ही बोलतोय.

दिवाळीनंतरच्या बैठकीत बचतीचा हिशेब बाजूला राहिला आणि वेगळाच विषय निघाला. आमच्यातल्या एकीची लेक कॉलेजात भूशास्त्र शिकते. भूशास्त्र म्हणजे दगड, माती, डोंगर यांचा अभ्यास. वर्गातली मुलं आठ दिवस डोंगरात दगड पाहायला जाणार होती. मुलींना म्हणे नेता येणार नाही, राहायची सोय नाही. खरं सांगायचं तर बैठकीत आमच्यातल्याच निम्म्या जणी म्हणाल्या, "बरं झालं, परस्पर सुटलं." उरलेल्या निम्म्या गप्प बसल्या. पण मग आम्ही ठरवलं, दगड शोधायला बायका कुठवर गेल्यात ते तरी बघू. बघता बघता पार अंटार्क्टिकाला पोचलो.

अंटार्क्टिका म्हणजे पृथ्वीचं दक्षिणेकडचं टोक. भारताच्या चौपट मोठा मुलूख, आणि जवळजवळ सगळा बर्फाखाली. आवणात पाणी भरलं की बांधावरचे मोठे धोंडे तेवढे वर दिसतात ना, तशी तिथं बर्फातून डोंगरांची डोकी वर आलेली असतात. खाली जमीन कशी आहे हे कळायला तेवढीच जागा. म्हणून दगडाचा अभ्यास करणाऱ्याला तिथं जावंच लागतं, घरी बसून ते काम होत नाही.

तिथं जायचं तर जहाज हवं, विमान हवं. अमेरिकेच्या माणसांची ने-आण त्यांचं नौदल करायचं आणि नौदल वर्षानुवर्षं बायकांना नेत नव्हतं. कारण? सोय नाही! हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो. शेवटी 1969 साली लोइस जोन्स नावाच्या बाई आपल्याबरोबर तिघींना घेऊन तिथं गेल्या. चौघीच, तंबूत राहून, कोरड्या दऱ्यांत दगडांचे आणि पाण्याचे नमुने गोळा करत हिंडल्या. त्याच मोसमात, 12 नोव्हेंबरला, या चौघी आणि आणखी दोघी विमानानं थेट दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिलं पाऊल कुणाचं, हा वाद नको म्हणून सहाही जणी हातात हात गुंफून एकदम खाली आल्या. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राची वीज सुरू झाली तीही त्याच वर्षी, ऑक्टोबरात. आमच्या सासवांना ते साल पक्कं आठवतं. ध्रुवावर बायका पोचल्याचं मात्र इथं कुणाच्या कानी आलं नव्हतं.

भारताची पहिली मोहीम 1981 च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली. पहिल्या दोन मोहिमांत सगळे पुरुष. तिसरी मोहीम 1983 च्या डिसेंबरात 'फिनपोलारिस' जहाजातून निघाली, तीत दोघी होत्या. एक अदिती पंत, आपल्या नागपूरच्या, पुण्यात शिकलेल्या. त्या समुद्राच्या अभ्यासक, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. दुसऱ्या सुदीप्ता सेनगुप्ता, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या, भूशास्त्राच्या. दार्जिलिंगच्या संस्थेत तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली त्या गिर्यारोहण शिकल्या होत्या. हे शिक्षण उपयोगी पडणारच, कारण दगड काही सडकेच्या कडेला येऊन बसत नाही.

सुदीप्ताताईंचं काम शिर्माकर टेकड्यांत होतं. समुद्राकडच्या बर्फाच्या कडेपासून सुमारे 100 किलोमीटर आत, चहूकडे बर्फ आणि मधे उघड्या दगडांची पट्टी. लांबी 17-18 किलोमीटर, रुंदी फार तर तीन. मधे शंभरावर लहानमोठी तळी. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, त्यामुळे दिवस संपला असं वाटतच नाही. हातात हातोडी, होकायंत्र आणि वही. दगडाचा थर कुठल्या दिशेला, किती कललाय ते मोजायचं, नकाशावर मांडायचं, तुकडा फोडून पिशवीत टाकायचा. मग पुढचा दगड.

आता यातून कळतं काय? आपली गोधडी घ्या. आधी लांबीत घडी घातली, मग रुंदीत, मग कुणीतरी ती पेटीत कोंबली. उलगडली की प्रत्येक घडीची मोड दिसते, आणि कुठली मोड आधीची, कुठली वरून पडलेली, हे निरखून पाहणाऱ्या बाईला सांगता येतं. डोंगराचे खडकही असेच जमिनीच्या पोटात तापून, दाबून पुन्हा पुन्हा दुमडलेले असतात. त्या घड्यांचा क्रम लावणं हेच सुदीप्ताताईंचं शास्त्र. शिर्माकरच्या खडकांत एकावर एक अशा अनेक घड्या आहेत. आपल्या पाट्या-वरवंट्याचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, लाव्हा थंड होऊन झालेला. तिथले खडक त्याहून कितीतरी पट जुने.

आणि आमचं डोकं चक्रावलं ते पुढं. भारत आणि अंटार्क्टिका एके काळी एकाच जमिनीत जोडलेले होते. त्या जमिनीला जगभर गोंडवन म्हणतात, आपल्या गोंडांच्या मुलखावरून! 1912 साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती ध्रुवावरून परतताना वाटेत मेले. उपासमार, थंडी, पण त्यांच्या ढकलगाडीवर 16 किलो दगड होते, ते त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्यांत एका जुन्या झाडाच्या पानांचे ठसे निघाले. त्याच झाडाच्या पानांचे ठसे आपल्या विदर्भातल्या कोळशाच्या थरांतही सापडतात. म्हणजे नागपूरच्या अदितीताई जिथं गेल्या, तो मुलूख फार पूर्वी नागपूरच्याच शेजारपाजारचा होता म्हणायचा.

त्या मोहिमेनं तिथं भारताचं पहिलं ठाणं उभं केलं, दक्षिण गंगोत्री. ते बर्फावर होतं, आणि काही वर्षांत बर्फानंच त्याला गिळलं. पुढचं ठाणं 'मैत्री', ते शिर्माकरच्या दगडावर बांधलं. ते अजून उभं आहे. सुदीप्ताताई 1989 च्या मोहिमेत पुन्हा तिथं गेल्या, आणि 1991 साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

हे सगळं पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. "बरं झालं" म्हणणाऱ्यांपैकी एक ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या मुलींबरोबर आपल्यातल्या दोघी गेल्या तर सोय होईल की नाही?" कॉलेजला तसा अर्ज दिलाय. खाली सह्या आहेत, तीन अंगठेही आहेत. उत्तर आलं की इथूनच सांगू. तोवर तुमच्या शिवारातला एखादा वेगळा दिसणारा दगड जपून ठेवा, पुढच्या बुधवारी येताना घेऊन या. ती पोर ओळखून देईन म्हणालीय.