टेंपलहोफर फेल्ड
बर्लिनमधील टेंपलहोफ या बंद पडलेल्या विमानतळाचे सुमारे ३०० हेक्टरचे मोकळे मैदान. १९४८-४९ च्या सोव्हिएत नाकेबंदीत पश्चिम बर्लिनला अन्न व कोळसा पुरवणारी विमाने येथे उतरत. २००८ मध्ये विमानतळ बंद झाला आणि २०१० मध्ये मैदान लोकांसाठी खुले झाले. कडेच्या जमिनीवर घरे व ग्रंथालय उभारण्याच्या सरकारी योजनेला विरोध करत रहिवाशांनी सह्या गोळा केल्या व सार्वमत घडवून आणले. २५ मे २०१४ रोजी मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी मैदान आहे तसे राखणाऱ्या कायद्याला कौल दिला. घरटंचाईने गांजलेल्या शहरात हा निर्णय धाडसीच म्हटला पाहिजे. आता धावपट्ट्यांवर मुले सायकल शिकतात, सामूहिक बागेत लाकडी खोक्यांतून भाजी पिकते आणि गवतात घरटी करणाऱ्या चंडोलांसाठी विणीच्या हंगामात काही भाग राखून ठेवतात. बांधकामाची मागणी अधूनमधून पुन्हा डोके वर काढते.