हायड्रोजन आणि बॅटरी : वाशीम जिल्ह्यातील वाहतूक व ऊर्जा

खनिज इंधन न जाळता मिळवलेली वीज वाहनापर्यंत पोहोचवण्याच्या दोन पद्धती सध्या प्रचारात येत आहेत. एकीत ती वीज बॅटरीत रासायनिक रूपाने साठवली जाते, तर दुसरीत तिच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन वायू मिळवला जातो व तो इंधन म्हणून वापरला जातो. बॅटरी आणि हायड्रोजन हे दोन्ही ऊर्जेचे वाहक आहेत, स्रोत नव्हेत. त्यामुळे त्यांची तुलना करताना मूळ विजेच्या प्रत्येक युनिटमधून चाकापर्यंत किती ऊर्जा पोहोचते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला, सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा या पिकांवर उभा असलेला सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा या तुलनेसाठी सोयीचा आहे, कारण नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग, सौर वीज आणि पाण्याची टंचाई या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आढळतात.

लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे विद्युत्-भारित कण, म्हणजे आयन, दोन अग्रांमध्ये ये-जा करतात आणि त्यांच्या या हालचालीबरोबर बाहेरच्या मंडलातून वीज वाहते. ही बॅटरी १९९१ मध्ये जपानमधील सोनी कंपनीने बाजारात आणली आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हायड्रोजनचा मार्ग अधिक लांबचा आहे. पाण्यातून वीज सोडून त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे भाग करणे यास विद्युत् विच्छेदन म्हणतात. मिळालेला वायू साधारणतः ३५० ते ७०० पट वातावरणीय दाबाखाली टाकीत भरला जातो आणि वाहनातील इंधन घटात त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पुन्हा वीज निर्माण होते, जिच्यावर मोटार चालते. इंधन घटाची कल्पना विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास मांडली, म्हणजे ती लिथियम बॅटरीहून बरीच जुनी आहे. वीज, वायू आणि पुन्हा वीज या दुहेरी रूपांतरात मूळ ऊर्जेचा सुमारे पाव ते एक-तृतीयांश भागच चाकाच्या कामी येतो, तर बॅटरीच्या वाहनात हे प्रमाण ७० ते ८० टक्के असते.

हा फरक जिल्ह्यातीलच एका उदाहरणाने मोजता येतो. समृद्धी महामार्गाच्या कारंजा लाड येथील इंटरचेंजलगतच्या जागेत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली ५ मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला असून त्यातील ३ मेगावॉटचा भाग २०२५ मध्ये कार्यान्वित झाला. विदर्भाच्या उन्हात एक किलोवॉटच्या पॅनेलपासून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज धरली, तर या भागातून रोज सुमारे १२,००० युनिट मिळतात. बॅटरीवरील मोठ्या बसला चार्जिंगमधील गळती धरून किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट लागते, म्हणजे एवढ्या विजेवर अशा बसगाड्यांचा एकूण प्रवास आठ ते साडेनऊ हजार किलोमीटर होईल. हीच वीज हायड्रोजनकडे वळवली, तर एक किलो वायू तयार करून दाबाखाली भरण्यास सुमारे ५५ ते ६० युनिट लागत असल्याने रोज दोनशे-सव्वादोनशे किलो हायड्रोजन हाती येईल. इंधन घटाच्या बसला शंभर किलोमीटरला साधारण ८ किलो वायू लागतो, त्यामुळे प्रवास अडीच-पावणेतीन हजार किलोमीटरांवर थांबेल. ऊन तेच, पॅनेल तेच आणि पल्ला मात्र तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

पाण्याचा हिशेब यात अजून आलेला नाही. रासायनिक समीकरणानुसार एक किलो हायड्रोजनला ९ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे व यंत्रे थंड ठेवण्यास लागणारे पाणी धरले, तर ही गरज त्याच्या दुप्पट-तिपटीवर जाते. वरील उत्पादनासाठी रोज साधारण एका टँकरभर पाण्याची तजवीज करावी लागेल. हा आकडा मोठ्या उद्योगाच्या दृष्टीने किरकोळ आहे, आणि हायड्रोजनचे समर्थक तसे म्हणतात ते खोटे नाही. तथापि गोदावरी व तापी या दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसलेल्या या जिल्ह्यात, जेथे वाशीम शहराची तहान एकबुर्जी प्रकल्पावर भागते, तेथे उन्हाळ्यातील एका टँकरलाही दावेदार असतात. बॅटरीला मात्र चालताना पाणी लागत नाही.

जिल्ह्यातील रोजच्या वाहतुकीचे स्वरूपही बॅटरीला अनुकूल आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या अकोला विभागाखाली येणाऱ्या वाशीम, रिसोड, मंगरूळपीर व कारंजा या आगारांतील बहुतेक फेऱ्या आसपासच्या गावांच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या आहेत. वाशीम–अकोला हे अंतर ८० किलोमीटरच्या घरात आहे. एका चार्जिंगवर दोनशे किलोमीटरांहून अधिक चालणारी बस हे अंतर जाऊन-येऊन कापू शकते. महामंडळाची पहिली विद्युत बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी, म्हणजे एसटीच्या वर्धापनदिनी, पुणे–अहमदनगर या एसटीच्या मूळ, पहिल्या मार्गावर धावली. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने समृद्धी महामार्गावर विद्युत मोटारी व बसगाड्यांना पथकरातून सूट देण्याचे ठरवले. बॅटरीची किंमतही झपाट्याने उतरली आहे : २०१० मध्ये एका युनिटच्या साठवणीमागे एक हजार डॉलरहून अधिक असलेली जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आली. दुचाकी, ऑटोरिक्षा आणि मोटारी यांच्या बाबतीत हा वाद व्यवहारात मिटल्यातच जमा आहे.

रेल्वेच्या बाबतीत तो उद्भवतच नाही. अकोला–पूर्णा मार्गाचे विद्युतीकरण झाल्यामुळे वाशीमहून जाणाऱ्या गाड्यांना वरच्या तारेतून थेट वीज मिळते आणि साठवणीची गरज उरत नाही. जिल्ह्याने इंधनबदल पूर्वी एकदा पाहिलेला आहे : मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद मार्गावर कारंज्याहून जाणारी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत असे व त्यानंतर तिला डिझेलचे इंजिन लावण्यात आले.

हायड्रोजनची बाजू खऱ्या अर्थाने बळकट होते ती लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकांमध्ये. ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावरून नागपूरचा माल घेऊन निघालेला मोठा ट्रक वाटेत न थांबता बॅटरीवर मुंबईला न्यायचा, तर त्याला सुमारे १,००० युनिटांची बॅटरी लागेल आणि तिचे वजन साडेसहा टनांपर्यंत जाईल. मालवाहतूकदाराला हे नाकापेक्षा मोती जड असेच वाटणार, कारण तेवढे भाड्याचे वजन बुडते. त्याच अंतरासाठी लागणारा सुमारे ६० किलो हायड्रोजन व त्याच्या टाक्या मिळून सव्वा टनाच्या आत बसतात आणि भरणे काही मिनिटांत होते. वाटेत एकदा चार्जिंग केल्यास लागणारी बॅटरी बरीच लहान होते, हेही विसरता येत नाही. शेलुबाजार किंवा मालेगाव येथील इंटरचेंजजवळ चालक जेवायला थांबतोच.

हायड्रोजन दीर्घकाळ साठवता येतो, हा दुसरा मुद्दा युरोपातील अंधाऱ्या हिवाळ्यासाठी मोलाचा आहे, परंतु विदर्भात तो तितका लागू पडत नाही. येथे सौर वीज घटते ती पावसाळ्यात आणि त्याच काळात कृषिपंपांची मागणीही खाली येते. रब्बीत पंप जोरात चालतात तेव्हा आकाश निरभ्र असते. येथे साठवणीचा प्रश्न दिवस आणि रात्र यांच्यामधला आहे, आणि तेवढे काम बॅटरी करू शकते.

हायड्रोजन तयार करण्यासाठी पाणीच हवे असे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेन्शिएंट लॅब्स या संस्थेबरोबर शेतीतील अवशेषांपासून जिवाणूंच्या साहाय्याने हायड्रोजन मिळवण्याचे तंत्र विकसित केले आहे. सोयाबीनचे कुटार, तुराट्या आणि पऱ्हाट्या यांची वाशीममध्ये वाण नाही. मात्र कुटार जनावरांना लागते, तुराट्या-पऱ्हाट्या चुलीत जातात, आणि विखुरलेल्या शेतांतून हा माल गोळा करण्याचा खर्च प्रयोगशाळेच्या आकड्यांत दिसत नाही.

आजही जिल्ह्यात हायड्रोजन मोठ्या प्रमाणावर येतो, तो खताच्या रूपाने. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीमागे सुमारे साडेचार किलो हायड्रोजन खर्ची पडतो, कारण युरियाचा मूळ घटक असलेला अमोनिया हायड्रोजन व हवेतील नायट्रोजन यांच्या संयोगाने बनतो. हा हायड्रोजन बहुतांशी नैसर्गिक वायूपासून काढला जातो. अशा एका किलोमागे सुमारे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो व त्यास करडा हायड्रोजन म्हणतात. सौर वा पवन विजेपासून मिळवलेल्या हायड्रोजनला हरित म्हणतात. भारत सरकारच्या २०२३ च्या व्याख्येनुसार हरित हायड्रोजनच्या एका किलोमागील उत्सर्जन २ किलोहून अधिक असता कामा नये. अमोनिया, तेलशुद्धीकरण व पोलाद या उद्योगांत हायड्रोजनला बॅटरी पर्याय होऊच शकत नाही, म्हणून हरित हायड्रोजन प्रथम तेथे जाणे शहाणपणाचे आहे. केंद्राने ४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर केलेल्या १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाचे २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने स्वीकारलेले ८,५६२ कोटी रुपयांचे धोरण याच दृष्टीने वाचले पाहिजे.

वाहनांतील प्रयोगही राज्यात चालू आहेत. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी कंपनी यांनी विकसित केलेल्या इंधन घटावरील बसचे ऑगस्ट २०२२ मध्ये अनावरण झाले, तर टाटा मोटर्सच्या १६ हायड्रोजन ट्रकांची २४ महिन्यांची चाचणी ४ मार्च २०२५ रोजी सुरू झाली. केंद्राने अशा चाचण्यांसाठी देशात दहा मार्ग निवडले असून त्यांत महाराष्ट्रातील पुणे–मुंबई हा एकच आहे. समृद्धी महामार्ग त्यांत नाही. या ट्रकांच्या प्रतिकिलोमीटर इंधनखर्चाचे आकडे हाती येईपर्यंत वाशीमच्या टप्प्यात हायड्रोजनचे पंप उभारण्याची घाई करण्याचे कारण दिसत नाही. चार्जिंग केंद्रांची गरज मात्र आजचीच आहे.