लॉर्ड टाउनशेंड : मुत्सद्दी आणि शेतकरी

सत्ता हातीं असतां मनुष्य कसा वागतो यावरून त्याची परीक्षा होते; पण ती गेल्यावर तो कसा वागतो, ही परीक्षा अधिक कठीण होय. इंग्लंडमधील चार्ल्स टाउनशेंड या परीक्षेस उतरला.

नॉर्फोक परगण्यांतील रेनम येथील हा जमीनदार १६७४ सालीं जन्मला. १७०९ सालीं हेग येथें वकील असतां त्यानें डच लोकांशीं तह केला. १७१४ सालीं पहिला जॉर्ज गादीवर येतांच तो राज्याचा सचिव झाला. त्याच परगण्यांतील रॉबर्ट वॉलपोल हा त्याचा मित्र. त्याची बहीण डोरोथी हिच्याशीं टाउनशेंडचा १७१३ मध्यें विवाह झाला होता. आरंभीं या जोडींत वडीलकीचा मान टाउनशेंडचा होता. परंतु १७२१ नंतर खजिना व कॉमन्स सभा वॉलपोलच्या मुठींत आली आणि पारडें फिरलें. १७२६ सालीं डोरोथी वारली, दोन्ही घराणीं सांधणारा दुवा तुटला. परराष्ट्रधोरणावरून खटके उडूं लागले. अखेर १७३० च्या मे महिन्यांत टाउनशेंडनें राजीनामा दिला.

अशा वेळीं विरोधी पक्षास मिळून सूड उगवणें सोपें होतें. पुढें लॉर्ड चेस्टरफील्डनें रेनमला जाऊन त्यास पार्लमेंटांत येण्याचा आग्रहही केला. पण आपला स्वभाव तापट आहे, वादांत पडल्यास वैयक्तिक द्वेषानें आपण वाहवत जाऊं, असें सांगून त्यानें नकार दिला.

त्यानें आपलें लक्ष शेतीकडे वळविलें. नॉर्फोकची जमीन हलकी, रेताड. तींत चुनखडीयुक्त चिकणमाती घालावयाची आणि गहूं, शलगम, जव व क्लोव्हर नांवाचें गवत अशी चार वर्षांची फेरपालट करावयाची, ही पद्धति त्यानें उचलून धरली. त्यामुळें जमीन पड ठेवावी लागत नसे. शलगमावर गुरें हिवाळा काढीत, त्यांच्या खतानें व क्लोव्हरच्या मुळांनीं जमिनीचा कस वाढे. लोक त्याला ‘शलगम टाउनशेंड’ म्हणूं लागले.

शलगमाचें पीक नॉर्फोकमध्यें त्याच्यापूर्वींच होत होतें, हें आतां संशोधकांनीं दाखविलें आहे. तेव्हां शोधाचें श्रेय त्याचें नव्हे. पण माजी सचिवानें कंदमुळांची चर्चा करण्यांत कमीपणा मानला नाहीं, त्यामुळें त्या पिकाला प्रतिष्ठा लाभली. १७३८ सालीं रेनम येथेंच तो वारला. त्याचे तह आज अभ्यासकांनाच ठाऊक आहेत. शलगमानें मात्र त्याचें नांव राखलें.