दगडावरचा हिशेब

'जुनी माणसं कशी ठणठणीत, शंभरी गाठायची!' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला एकदा कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या जुन्या दफनभूमीत नेऊन सोडावं. 1767 साली सुरू झालेल्या या जागेत साहेबलोकांची थडगी चांगली देवळाएवढी आहेत. आत कोण? कवी डेरोझिओ, 1831 साली पटकीनं गेला, वय 22. रोझ एल्मर, 1800 साली पोटाच्या दुखण्यानं गेली, वय 20. खापर फुटलं अननसांवर. म्हणे फार खाल्ले! या वयात आमच्या बँकेत माणूस प्रोबेशनवर असतो. पटकीचे जंतू रॉबर्ट कॉखला याच शहरातल्या तळ्याच्या पाण्यात सापडले, पण ते 1884 साली. तोवर बिचारा अननस आरोपी.

मग तेव्हा माणसं तिशीतच म्हातारी होत होती की काय? छे! त्याच शहरात सेंट जॉन्स चर्चच्या आवारात 'बेगम जॉन्सन' म्हणून गाजलेल्या बाई विसावल्या आहेत. बाईंनी चार लग्नं केली. दुसरे यजमान लग्नानंतर काही दिवसांतच देवी येऊन गेले. बाई मात्र 1812 साली गेल्या, तेव्हा 86 पूर्ण! पहिल्या लग्नाची दोन मुलं तान्हेपणीच गेली होती. आता आई आणि ही दोन मुलं, तिघांची सरासरी काढा. येते 29 च्या आसपास. आणि 29 व्या वर्षी गेलेलं त्यात कुणीच नाही! सरासरी ही अशी लबाड असते. जुन्या काळचं आयुर्मान मुख्यतः खाली ओढलं ते पाळण्यातल्या जिवांनी.

आपल्याकडे तान्ह्या मुलाला पुरत, पण वर नावाचा दगड कोण लावतो? तरी हिशेब राहिलाच. दोन-तीन मुलं गेली, की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू. यमाच्या नजरेत भरू नये, धोंडा समजून त्यानं पुढच्या घरी जावं! साहेबानं गेलेल्या लेकरावर दगड ठेवला. आपल्या पणजीनं तो जिवंत लेकराच्या नावात ठेवला.

पेन्शनच्या रांगेत अजून एखादे दगडूआजोबा उभे असतात. त्यांच्या नावाआधी किती नावं खोडली गेली, ते कुठल्याच लेजरात नाही. पणतवंडाचं खातं मात्र 'अथर्व' या नावानं उघडतात. लस आली, नळाला पाणी आलं, आणि पोराचं नाव यमाला न विचारता ठेवता येऊ लागलं. प्रगती म्हणतात ती याहून वेगळी काय असते?