धाडची सीमा आणि प्राचीन वास्तूंचे संरक्षण

बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव जालना जिल्ह्याच्या सीमेनजीक वसले आहे. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची सीमा. परंतु 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेल्यापासून 1956 पर्यंत तिच्या दोन बाजूंना दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्था नांदत होत्या. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा इतिहास अभ्यासताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

कर्झनच्या कारकीर्दीतील 1904 चा प्राचीन वास्तुसंरक्षण कायदा वऱ्हाडास आपोआप लागू होण्यासारखा नव्हता. वऱ्हाड ब्रिटिशांच्या ताब्यात असला तरी निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायम होते. त्यामुळे येथे कायदे स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. शिवाय या कायद्याचा सारा भर अधिसूचनेवर होता. सरकारने जी वास्तू ‘संरक्षित’ म्हणून घोषित केली तिलाच संरक्षण; तेही मालकाशी करार करून. धार्मिक वहिवाट चालू असलेली वास्तू सक्तीने संपादन करण्यास मनाई होती. या देशात बहुतेक प्राचीन वास्तू देवालयेच असल्यामुळे ही सवलत लहान म्हणता येणार नाही.

सीमेपलीकडे क्रम उलटा दिसतो. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 मध्ये अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील चित्रावरच आपले नाव कोरले, तेव्हा त्याला अडविणारा कायदा नव्हता. हैद्राबाद संस्थानाने 1914 मध्ये पुरातत्त्व खाते स्थापिले, गुलाम याझदानी यांच्याकडे त्याची धुरा दिली, आणि 1920 नंतर इटालियन तज्ज्ञांकडून भित्तिचित्रांचे जतन करविले. संस्थानाचा स्वतंत्र कायदा मात्र 1337 फसलीचा, म्हणजे 1927-28 च्या सुमाराचा. अजिंठा वाचला तो प्रथम खात्यामुळे व पैशामुळे. कायदा मागाहून आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

1951 च्या कायद्याने दोन्ही बाजूंच्या प्रमुख वास्तू राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरल्या, 1958 च्या कायद्याने ती व्यवस्था दृढ केली, व राज्यापुरता 1960 चा महाराष्ट्र कायदा झाला. लोणारचे दैत्यसूदन मंदिर केंद्राकडे आहे. परंतु ‘घोषणा’ हे मूलतत्त्व 1904 पासून बदललेले नाही. गावोगावच्या पारावर, शिवारात उभे असलेले वीरगळ आणि भग्न शिल्पे बहुधा कोणत्याच यादीत नसतात. पुराणवस्तूंच्या 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांची निर्यात व व्यापार नियंत्रित केला. पण पारावरचा वीरगळ गावकऱ्यांनीच नव्या चौथऱ्याच्या पायात घातला, तर त्या कायद्याचा उपयोग होत नाही.