बुकमार्क, रुमाल आणि बंद पडलेली ॲप्स

आज गुरुवार आहे आणि मी छावणीत आमच्या घरी बसून रेकॉर्ड करतोय. मागे आठवडी बाजाराचा गलका ऐकू आला तर सांभाळून घ्या. हे वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या फोनपासून करतो. गेल्या महिन्यात मी परत एक नवं ॲप घेतलं. लिंका, नोट्स, फोटो, वाचायचे राहिलेले लेख, सगळं एका जागी नीट लावून देणारं. कॉलेजपासून आतापर्यंत मी एव्हरनोट, गूगल कीप, ट्रेलो, नोशन, ऑब्सिडियन एवढं सगळं वापरून झालंय. प्रत्येक वेळी तोच उत्साह असतो. शनिवार-रविवार खर्च करून फोल्डर बनवायचे, टॅग लावायचे, रंग निवडायचे, आणि तिसऱ्या आठवड्यात परत लिंका स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवायला लागायचं. तुमच्यातले निम्मे आत्ता हसत असणार, कारण तुम्हीही तेच करता.

या वेळी मात्र साइन-अप करताना माझा हात थांबला. का थांबला ते सांगतो, पण त्याआधी जरा मागे जाऊ.

मार्च १९८९. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली नावाचा इंजिनिअर साहेबांना एक प्रस्ताव देतो. प्रस्तावाचं शीर्षक अगदी रटाळ, माहितीच्या व्यवस्थापनाबद्दल. अडचण अशी की सर्नमध्ये हजारो लोक, बरेचसे दोनेक वर्षांसाठी आलेले. माणूस निघून गेला की त्याला काय माहीत होतं, कुठला कागद कुठे होता, हे सगळं त्याच्याबरोबर जायचं. त्यावरचा उपाय म्हणून जे सुचवलं, त्याचंच पुढे वर्ल्ड वाइड वेब झालं. म्हणजे आपण ज्याला वेब म्हणतो तेच मुळात पसारा आवरायचं टूल होतं. आता तो पसारा आवरायला वेगळी टूल्स लागतात, हा भाग निराळा.

१९९३ मध्ये मोझेक ब्राउझर आला. आवडलेली पानं लक्षात ठेवायला त्यात 'हॉटलिस्ट' होती. पुढच्या वर्षी नेटस्केप आला आणि त्याने त्याच गोष्टीला 'बुकमार्क' हे नाव लोकप्रिय केलं. नेटस्केप तुमचे बुकमार्क एका साध्या एचटीएमएल फाइलमध्ये ठेवायचा. ही फाइल लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

पण ही फाइल एकाच कॉम्प्युटरवर असायची. माझ्या लहानपणी ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता त्यांचं इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. तिथे बुकमार्क करायचा तरी कुणाच्या मशीनवर? २००३ मध्ये जोशुआ शॅक्टरने याचं उत्तर दिलं, डिलिशस. लिंका सर्व्हरवर ठेवायच्या, त्यांना आपल्या शब्दांत टॅग लावायचे, आणि कुठूनही उघडायच्या. आज इन्स्टाग्रामवर आपण जे टॅग लावतो, ती सवय वेबला लावण्यात डिलिशसचा मोठा वाटा आहे.

पुढची गोष्ट मात्र सुरस आहे. डिसेंबर २००५ मध्ये याहूने डिलिशस विकत घेतलं. डिसेंबर २०१० मध्ये याहूच्या अंतर्गत मीटिंगमधली एक स्लाइड बाहेर फुटली. बंद करायच्या यादीत डिलिशसचं नाव होतं. लोकांनी रातोरात आपल्या लिंका उचलल्या आणि पिनबोर्ड नावाच्या छोट्या साइटवर नेल्या. ही साइट माचेय त्सेग्वोव्स्की हा प्रोग्रामर जवळजवळ एकटाच चालवत होता आणि नवीन सभासदांकडून चक्क पैसे घेत होता. याहूने डिलिशस बंद न करता २०११ मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांपैकी दोघांना विकलं. मग ते हातोहात फिरत राहिलं. जून २०१७ मध्ये पिनबोर्डनेच ते ३५ हजार डॉलरला विकत घेतलं आणि नवीन लिंका टाकणं बंद केलं. ज्याच्या पडझडीवर धंदा वाढला, त्याचे शेवटचे विधीही याच माणसाने केले.

गूगल रीडरचं दुखणं अजून ओलं आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू, १३ मार्च २०१३ ला बंद करण्याची घोषणा, १ जुलै २०१३ ला कुलूप. लाखाच्या वर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, उपयोग शून्य. मी तेव्हा शाळेत होतो, मला रीडर काय ते माहीतही नव्हतं. माझं नुकसान पुढच्या वर्षी झालं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट गेलं आणि त्याबरोबर माझी सातवी-आठवीतली अत्यंत भंगार शायरी. त्याबद्दल मी गूगलचा ऋणी आहे.

पण रीडर बंद झाल्यावर एक गोष्ट सहज निभावली. लोकांनी आपल्या साइट्सची यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये काढली आणि फीडलीसारख्या दुसऱ्या सेवेत टाकली. यादी जशीच्या तशी उघडली. रीडर मेला तरी त्याच्या खालची आरएसएसची पाइपलाइन जिवंत होती, आणि ती कुणा एकाच्या मालकीची नव्हती. हा एपिसोडही तुमच्यापर्यंत त्याच पाइपमधून आला असणार. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा तुमच्यातल्या काहींनी हीच ओपीएमएल फाइल काढली असेल. आणि ८ जुलै २०२५ ला पॉकेट गेलं. २००७ पासून लोक त्यात 'नंतर वाचू' म्हणून लेख टाकत होते.

आता माझा हात का थांबला ते.

माझे आजोबा छावणीच्या बाजारात कापड विकायचे. निजामाच्या राज्यात त्यांचं बालपण गेलं. वडिलांच्या दुकानात बसून ते दोन प्रकारच्या पैशांचा हिशेब शिकले. गावात चालायचा निजामाचा हाली सिक्का आणि छावणीत लष्करामुळे इंग्रजी रुपया, म्हणजे कलदार, भरपूर यायचा. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. गिऱ्हाईक कुठल्या नाण्यात पैसे देणार, हे तो कुठल्या बाजूने आला त्यावरून मी ओळखायचो, असं ते सांगायचे. १९४८ नंतरही काही वर्षं हाली सिक्का चालू होता, त्या काळातल्या फसवाफसवीच्या गोष्टी तर ते रंगवून सांगायचे.

२०१८ मध्ये, बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मी त्यांना बोलतं केलं. तीन रेकॉर्डिंग, मिळून पन्नासेक मिनिटं. त्या वेळी मी एका नोट्सच्या ॲपवर फिदा होतो (नाव घेत नाही), त्यातच थेट रेकॉर्ड केलं. टॅगसुद्धा लावले, 'आजोबा', 'हाली सिक्का', 'बाजार'. आजोबा २०१९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी लॉकडाउनमध्ये आईला त्यांचा आवाज ऐकायचा होता. ॲप उघडलं तर सर्व्हरच नाही. कंपनीने सेवा बंद केली होती. तीन महिने आधी सगळ्यांना मेल गेले होते, डेटा डाउनलोड करून घ्या म्हणून. माझा मेल गेला कॉलेजच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता पास झाल्यावर बंद पडला होता. म्हणजे नियमाने पाहिलं तर चूक कुणाचीच नाही. आईला हे समजावून सांगताना मला जे वाटलं ते या माइकसमोर नीट सांगता येणार नाही.

मग बाबा म्हणाले, "अरे, मी त्यांचं थोडं टाइप केलं होतं."

बाबांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, सातव्या वेतन आयोगाचे अर्ज, सगळं. २००३ मध्ये पत्रिकांचा सीझन नसताना त्यांनी आजोबांना समोर बसवून अकरा पानं टाइप केली होती. ती फाइल सीडीवरून हार्ड डिस्कवर, तिथून पेन ड्राइव्हवर अशी फिरत राहिली होती. मी ती फोनवर उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्या दुकानांत आणि छापखान्यांत ती यायला फार वर्षं गेली. विंडोज २००० मध्ये देवनागरीसाठी 'मंगल' हा फॉन्ट आला, तो मुंबईच्या र. कृ. जोशींनी घडवलेला. तोपर्यंत, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांचं राज्य होतं. त्यात आतमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असायची, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडायचा.

पण कोडं ठरलेलं होतं. अमुक इंग्रजी अक्षराला अमुक मराठी अक्षर, ते कधी बदलत नाही. मी पायथनमध्ये तक्ता बनवायला बसलो. दोनच ठिकाणी डोकं खाल्लं. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी असते, कारण ती तशी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलटं. रात्री दोनच्या सुमाराला पहिलं वाक्य नीट उमटलं, आणि ते आजोबांच्याच ढंगातलं होतं: 'कलदारवाल्याला आधी बसायला द्यायचं.' हसू आलं, आणि मग बराच वेळ मी पुढचं वाचूच शकलो नाही.

तर हिशेब असा झाला. २०१८ चं चकचकीत, क्लाउडवालं, टॅग लावलेलं रेकॉर्डिंग कायमचं गेलं. २००३ ची गचाळ फाइल सतरा वर्षांनी एका रात्रीत वाचता आली. पहिली वस्तू कधी माझ्याकडे नव्हतीच, मला फक्त तिच्या दारापर्यंत जायची परवानगी होती. दुसरी बाबांच्या खिशात होती.

आपल्या शहराने हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर पाहिलाय. औरंगजेबाच्या काळात दख्खनचा मुघल कारभार इथून चालायचा. त्या दप्तरातले शहाजहान आणि औरंगजेबाच्या राजवटीतले सुमारे दीड लाख कागद आज हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहेत. ते इथल्या किले अर्कमध्ये पडून होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तिकडे हलवले गेले. त्यात शिपायांचे चेहरेपट्टीचे कागद आहेत, माणसाचं वर्णन, त्याच्या घोड्याचं वर्णन, घोड्यावरचा डाग. कारण लोक हजेरीला भाड्याचे घोडे आणायचे. मी कामावर दिवसभर ज्या प्रकारचे डेटाबेस बघतो, त्यातली एक ओळ आणि हा कागद यात मला फारसा फरक दिसत नाही. सल्तनत गेली, निजामशाही गेली, दप्तर हलवलं गेलं, तरी कागद कागदच राहिला, म्हणून तो हलवता आला.

मराठ्यांकडे याच कामासाठी रुमाल होता. कागद एकत्र करून फडक्यात बांधायचे, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणायचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड काढले. मजकूर मोडीत, आणि मोडी आता फार थोड्यांना येते. मोडीचं बाळबोध करणारा अभ्यासक आणि रात्री दोनला वेलांट्या सरकवणारा मी, आमचं काम एकच, त्याची मेहनत शंभर पट.

कायद्याचं एक सांगतो, थोडक्यात. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यात आपला डेटा वापरता येईल अशा स्वरूपात मागून घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकाच्या मसुद्यात तो होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यात तो नाही. माहितीचा गोषवारा मागता येतो, चूक दुरुस्त करून घेता येते, डेटा पुसायला सांगता येतो. उचलून नेण्याचा हक्क मात्र गळला. मला हे चुकीचं वाटतं, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसा आवाज झाला नाही, हे जास्त चुकीचं वाटतं.

आता त्या फाइलकडे परत येऊ. लॅपटॉपवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा, बुकमार्क एक्स्पोर्ट करा आणि आलेली फाइल नोटपॅडमध्ये बघा. पहिल्याच ओळीत 'नेटस्केप बुकमार्क फाइल १' असं लिहिलेलं दिसेल. नेटस्केपचा आधार १ मार्च २००८ ला कायमचा काढून घेतला गेला. ज्यांनी त्याला संपवलं त्यांचे वारसदार आजही त्याच्याच नावाची फाइल काढून देतात.

त्या नव्या ॲपचं म्हणाल तर मी ते घेतलं. फक्त या वेळी फोल्डरचे रंग निवडण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पोर्टचं बटण शोधलं, दहा नोट्स टाकल्या, बाहेर काढल्या, आणि विमान मोडवर त्या उघडतात का ते पाहिलं. उघडल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं ठरवलंय. दोन महिने पाळलंय, तिसऱ्याची खात्री देत नाही.

आजोबांची अकरा पानं युनिकोडमध्ये करून मी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, टायपिंगच्या चार चुका काढल्या (त्यातल्या तीन त्यांच्याच, २००३ च्या), आणि म्हणाले, "प्रिंट काढ. दोन काढ. एक आत्याकडे ठेवू."